अठराशे मीटरांची भ्रांती

रानडुकरांच्या कळपांनी टेक्ससमधील शेतकऱ्यांची उभी पिके एका रात्रीत उकरून टाकावीत, तेथील विधिमंडळाने 2019 साली जमीनमालकाची संमती असल्यास खाजगी जमिनीवर त्यांची शिकार परवान्यावाचून करण्याची मुभा द्यावी, आणि ही जनावरे बहुधा रात्रीच बाहेर पडत असल्यामुळे उष्णतादर्शक दुर्बिणींचा, म्हणजे थर्मल स्कोपचा, व्यापार तेथे तेजीत यावा, ही परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे तेथील शिकारी आणि दुकानदार या उभयतांपुढे एकच प्रश्न सदैव का उभा असतो, हे सहज समजते. कंपनी कोणती उत्तम? लिथुआनियाची पल्सर, चीनची हिकमायक्रो की इन्फिरे, अमेरिकेची ट्रायजिकॉन, की जर्मनीची झाइस? या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ मिळतात आणि ती ठामपणे दिली जातात. परंतु ज्या प्रमाणांवर ती दिली जातात ती प्रमाणेच बहुतांशी लटकी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकारीस आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव असल्यामुळे मराठी वाचकास हा वाद परका वाटेल. तथापि उसात दडलेल्या बिबट्याचा माग थर्मल ड्रोनने काढणाऱ्या वनखात्यालाही यंत्र पारखताना हेच गणित मांडावे लागते.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आधार म्हणजे शोधमर्यादेचा आकडा, ज्याला दुकानात ‘डिटेक्शन रेंज’ म्हणतात. खोक्यावर तो ठळक छापलेला असतो, आणि 1800 मीटरांचे यंत्र 1300 मीटरांच्या यंत्राहून श्रेष्ठ, अशी सरळ पायरी लावली जाते. परंतु हा आकडा येतो कोठून? कोणी माळरानावर जाऊन डुक्कर उभे केले, अंतर मोजले आणि मग तो छापला, अशी वाचकाची समजूत असेल तर ती त्याने सोडून द्यावी. संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी भिंगाच्या नाभ्यंतराने भागावी आणि 1.8 मीटर उंचीची आकृती ज्या अंतरावर साधारण तीन पिक्सेल व्यापते ते अंतर काढावे, की झाला आकडा तयार. पिक्सेल 12 मायक्रोमीटरचा व भिंग 35 मिलिमीटरचे घेतले, तर कंपनी हिकमायक्रो असो वा इन्फिरे, उत्तर 1800च्या आसपासच येते; पल्सरच्या 17 मायक्रोमीटर पिक्सेलच्या संवेदकापुढे 50 मिलिमीटरचे भिंग बसवले, की पुन्हा तेच 1800. ज्या भागाकारात कारागिराच्या कसबाचा लवलेशही शिरत नाही, त्यावरून कारागिरांची प्रतवारी कशी लावावी?

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. 1958 साली जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेतील संशोधकाने दर्शनाच्या पायऱ्या वेगळ्या केल्या: काहीतरी आहे एवढे कळणे ही एक पायरी, ते कोणत्या वर्गातले हे कळणे ही दुसरी, आणि नेमके काय हे ओळखणे ही त्याच्याही पलीकडची. पहिलीस दोन पिक्सेल पुरतात, दुसरीस सुमारे आठ लागतात, तिसरीस तेरा; आणि तेही पाहणारा निम्म्या प्रसंगीच बरोबर ठरेल, एवढ्याच खात्रीने. आता खांद्याशी 80 सेंटिमीटर उंच असलेले डुक्कर घ्या आणि वर सांगितलेले 1800 मीटरांचे यंत्र त्याच्यावर रोखा. ते डुकरासारखे काही आहे हे उमजण्यास ते 290 मीटरांच्या आत यावे लागते, आणि वासरू नव्हे, कुत्रा नव्हे, वाकून काम करणारा माणूस नव्हे, हे ओळखण्यास सुमारे 180 मीटरांच्या आत. अठराशे आणि एकशेऐंशी! ज्याच्या बोटाखाली बंदुकीचा चाप आहे त्याला या दोहोंपैकी कोणता आकडा सांगितला पाहिजे, याविषयी सूज्ञांत दुमत संभवत नाही. आणि तरीही नेमका दुसराच आकडा खोक्यावर नसतो.

दुसरा आधार कुलशीलाचा. झाइसचा कारखाना 1846 साली येना येथे निघाला; लायका व स्वारोव्स्की यांची भिंगेही पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली; म्हणून त्यांची थर्मल दुर्बीणही श्रेष्ठच असली पाहिजे, असा युक्तिवाद केला जातो. त्या घराण्यांविषयी मला नितांत आदर आहे, परंतु त्यांचा तो लौकिक काचेतला आहे, आणि देहातून निघणाऱ्या ज्या 8 ते 14 मायक्रोमीटर लांबीच्या लहरींवर ही यंत्रे चालतात त्यांना साधी काच भिंतीसारखी अपारदर्शक असते. थर्मल दुर्बीण खिडकीच्या बंद तावदानाकडे रोखली तर पलीकडचे झाड दिसत नाही, उलट पाहणाऱ्याचीच उष्ण आकृती तीत उमटते. म्हणून येथे भिंग जर्मेनियमचे लागते आणि चित्र घडते ते उष्णता टिपणाऱ्या सूक्ष्म बोलोमीटरांच्या जाळीवर, जी विद्या अमेरिकेत हनीवेल कंपनीने लष्कराच्या गुप्त कामासाठी सिद्ध केली आणि जी 1992 साली खुली झाली. हा संवेदक घडवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. ग्रनोबलजवळचा लिनरेड हा त्यांपैकी एक. तेव्हा दुर्बिणीच्या नळीवर नाव एकाचे आणि आत डोळा दुसऱ्याचा, असा प्रकार या धंद्यात सर्रास चालतो.

देशावरून निवाडा करणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. हिकमायक्रोची मूळ कंपनी हिकव्हिजन हिला अमेरिकी सरकारने 2019 साली निर्बंधांच्या यादीत घातले. या कारणास्तव कोणी तिचा माल नाकारला, तर तो त्याचा हक्क आहे आणि मी त्याचा मान राखतो. पण मग त्याने आपले कारण राजकीय आणि नैतिक आहे असे उघड म्हणावे, चित्र वाईट असते म्हणून नाकारले असे म्हणू नये.

आता मंडन. तुलना करावी ती प्रथम रात्रीची. टेक्ससच्या आखाती किनाऱ्यावर पाऊस पडून गेल्यावर झाड, दगड, माती आणि गवत यांचे तापमान जवळजवळ एकच होते आणि दमट हवा उरलासुरला भेदही गिळून टाकते. अशा रात्री पिक्सेलच्या संख्येपेक्षा तापमानातला सूक्ष्म फरक टिपण्याची शक्ती, जी मिलिकेल्व्हिनमध्ये मोजतात, ती कामास येते, आणि तेथे 20चा संवेदक 40च्या संवेदकाहून खरोखर सरस ठरतो. पश्चिमेकडच्या कोरड्या, निरभ्र थंडीत हाच फरक डोळ्यास क्वचितच जाणवेल. त्यातही एक मेख आहे: हा आकडा भिंगाच्या उघडेपणावर अवलंबून असतो. एफ 1.0 च्या भिंगामागे 20 भरणारा संवेदक एफ 1.2 च्या भिंगामागे बसवला, तर तो 29च्या घरात जातो. म्हणून केवळ संवेदकाचा आकडा देणाऱ्याकडे संपूर्ण यंत्राचा आकडा मागावा, आणि तो मिळाला नाही तर नाही मिळाला अशी नोंद करावी.

त्यानंतर दृश्याची रुंदी पाहावी. त्याच 35 मिलिमीटर भिंगामागे 640 पिक्सेलांचा संवेदक 100 मीटरांवर सुमारे 22 मीटर रुंदीचा पट्टा दाखवतो, 384चा सुमारे 13 मीटरांचा. शोधमर्यादा मात्र दोहोंवर सारखीच छापलेली! ज्याला विस्तीर्ण शेतात पळता कळप आवरायचा आहे त्याने 640साठी जादा पैसे अवश्य मोजावेत. पण जो चाऱ्याच्या पिंपापासून ऐंशी मीटरांवर मचाणात बसतो त्याच्या गळ्यात तेच यंत्र मारणे हे दुकानदारास न शोभणारे कृत्य आहे, मग त्यात नफा कितीही असो.

कंपनीच्या नावाला काहीच अर्थ नाही, असे माझे म्हणणे नव्हे. एकाच जातीच्या संवेदकावरून स्वच्छ चित्र काढणारी संस्कारपद्धती, बंदुकीच्या शेकडो धक्क्यांनंतरही न ढळणारा नेम, कोठेही मिळणारा 18650 मापाचा विद्युतघट लागतो की त्या कंपनीचाच खास घट घ्यावा लागतो, आणि हमीच्या मुदतीत यंत्र बिघडले तर ते दुरुस्तीस कोणत्या गावी जाते व किती दिवसांनी परत येते, या गोष्टी कंपनीच्याच आहेत. आश्चर्य हे की ज्या बाबतीत नावाला खरोखर वजन आहे, नेमक्या त्याच बाबी तुलनेच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात कोंबल्या जातात किंवा मुळीच येत नाहीत. दुकानदाराकडे परत आलेल्या मालाची आणि तक्रारींची वही असते. त्या वहीइतका विश्वसनीय दस्तऐवज या विषयात दुसरा नाही.

दुकानदारांना माझी आग्रहाची विनंती एवढीच आहे. विक्रीच्या प्रत्येक यंत्राखाली, छापील 1800च्या शेजारी, ते डुक्कर ज्या अंतरावर ओळखू येईल ते अंतर स्वतः गणित करून हाताने लिहा, आणि गिऱ्हाइकास वातानुकूलित दालनात भिंतीकडे पाहावयास न लावता सूर्यास्तानंतर दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत नेऊन यंत्र दाखवा.