‘आढळले नाही’ लिहिण्याआधी

कोलॅजनचे क्रॉसलिंक असोत की गँग्लिओसाइड, प्राण्यांच्या ऊतकांवरच्या अहवालांत ‘आढळले नाही’ हा शेरा फार सहज पडतो. तक्त्यातला एक रकाना रिकामा राहतो आणि पुढच्याच परिच्छेदात त्या रिकाम्या रकान्यावरून प्राण्याचे वय, जात किंवा रोग याबद्दल निष्कर्ष निघतो. ऊतकात पदार्थ मुळातच नसणे आणि आपल्या हातून तो वाटेत नष्ट होणे, या दोन गोष्टी कागदावर हुबेहूब सारख्या दिसतात. हा फरक कुठे कुठे चुकतो ते या वेळी जरा तपशिलात लिहितो.

आधी कोलॅजन. लायसिल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारे विकर कोलॅजनच्या टोकांजवळच्या लायसिन आणि हायड्रॉक्सिलायसिनवर अल्डिहाइड तयार करते. ते अल्डिहाइड शेजारच्या रेणूशी जोडले जातात आणि पहिले, कच्चे क्रॉसलिंक तयार होतात. कोवळ्या वासराच्या किंवा करडाच्या त्वचेत असे अल्डिमाइन बंध मुबलक असतात. आता आपली नेहमीची कृती आठवा : बंद नळी, 6 एन हायड्रोक्लोरिक अॅसिड, 110 अंश, 24 तास. पेप्टाइड बंध तुटावेत म्हणून आपण हे करतो, पण अल्डिमाइन बंध त्याच्या कितीतरी आधी तुटलेले असतात. यंत्र प्रामाणिकपणे शून्य दाखवते. हायड्रोलिसिसपूर्वी सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण केले तरच हे बंध स्थिर होऊन शेवटपर्यंत हाती लागतात. ही पायरी नवी नाही, अवघडही नाही. तरीही पद्धतीच्या परिच्छेदात ‘क्षपण केले’ किंवा ‘केले नाही’ एवढे दोन शब्द सापडत नाहीत, आणि ते नसतील तर कच्च्या क्रॉसलिंकच्या रकान्यातल्या शून्याला काहीही किंमत नाही.

पायरिडिनोलिनचे तसे नाही. ते अॅसिडला पुरून उरते, स्वतः चमकते आणि एचपीएलसीवर 297 नॅनोमीटरला उद्दीपित केले की 395 च्या आसपास स्वच्छ शिखर देते. जपानच्या फुजिमोतो आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये ते गोवंशाच्या टाचेच्या कंडरेतून वेगळे केले. तीनच वर्षांनी इंग्लंडमधील लँगफर्डच्या मीट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या गटाने हा खरोखर क्रॉसलिंक आहे का, अशी छापील शंका घेतली. त्याच 1980 मध्ये डेव्हिड आयर आणि ओगुची यांनी हाडे आणि कूर्चा घेऊन ते मोजले, ते कसे तयार होत असेल याचा मार्ग सुचवला, आणि वाद पायरिडिनोलिनच्या बाजूने मिटत गेला. हा इतिहास मला मुद्दाम सांगायचा आहे, कारण अशा वादात ‘कुठले ऊतक’ हा प्रश्न रसायनाइतकाच निर्णायक ठरतो. कूर्चेत कोलॅजनच्या एका रेणूमागे पायरिडिनोलिनचा एक किंवा त्याहून अधिक रेणू सापडतो, हाडात त्याहून बरेच कमी, आणि त्वचेत जवळजवळ नाहीच. तिथे परिपक्व बंध वेगळा आहे, तो हिस्टिडिनशी जोडलेला. उंदराच्या शेपटीच्या कंडरेतही पायरिडिनोलिन नगण्य असते, आणि ती अॅसिटिक अॅसिडमध्ये इतक्या सुखाने विरघळते यामागचे एक कारण हेच. म्हणजे त्वचेतले पायरिडिनोलिनचे शून्य खरे असते आणि त्याच त्वचेतले अल्डिमाइनचे शून्य बहुधा खोटे. एकाच तक्त्यात, एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

मग वयाचा प्रश्न येतो. मटण-मांसावर काम करणारे आपले सहकारी हे रोज अनुभवतात : म्हाताऱ्या जनावराचे मांस चिवट लागते ते त्यात कोलॅजन फार वाढलेले असते म्हणून नव्हे, तर कच्चे बंध परिपक्व होऊन शिजवण्याच्या उष्णतेलाही दाद देईनासे होतात म्हणून. तेव्हा क्रॉसलिंकचा कोणताही आकडा वयाशिवाय अपुरा आहे. ‘प्रौढ म्हैस’ ही नोंद चालणार नाही. जनावरांच्या बाजारात व्यापारी आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे दात बघून वय सांगतो. आपल्या नमुनापत्रिकेत निदान तेवढी तरी नोंद हवी. ती कत्तलीच्या जागी अर्ध्या मिनिटात होते आणि नंतर कोणत्याही यंत्राने परत मिळवता येत नाही.

यात महाराष्ट्रापुरती एक अडचण आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या कत्तलखान्यांतून बैलाचे ऊतक मिळत नाही. आपल्या हाती येते ते म्हैसवर्गाचे, शेळी-मेंढीचे आणि कोंबडीचे. पण तुलनेसाठी आपण जे जुने आकडे पुढे करतो ते बहुतेक गोवंशाचे आणि थंड देशांतल्या जातींचे असतात. म्हशीच्या कंडरेचा आकडा त्यांच्याशी जुळला नाही की ‘दोष’ शोधायला लागणे चूक आहे. म्हशीसाठी, उस्मानाबादी शेळीसाठी वयवार आकडे आपणच मोजायला हवेत, आणि ते काम दुय्यम समजू नये. जनावराने काय खाल्ले हेही लिहा. तांब्याची कमतरता असेल तर लायसिल ऑक्सिडेज मंदावते. तेच विकर ‘स्वीट पी’ या फुलवेलीतले अमिनोप्रोपिओनायट्राइल थेट अडवते आणि हाडे, महारोहिणी सगळे कमकुवत होते. विदर्भातल्या लाखोळी डाळीचा विषार याहून वेगळा, तो मज्जासंस्थेवर उठतो. दोन्हींना ‘लॅथिरिझम’ म्हणतात म्हणून लेखांत त्यांची सरमिसळ होते, ती थांबवू या.

भाजकाबद्दल. क्रॉसलिंक ‘कोलॅजनच्या रेणूमागे’ मांडायचे तर कोलॅजन हायड्रॉक्सिप्रोलिनवरून काढतो, एका रेणूत सुमारे 300 अवशेष धरून. सस्तन प्राण्यांच्या कंडरेला हे चालते. थंड पाण्यातल्या माशांच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन बरेच कमी असते, त्यामुळे तोच गुणक वापरला तर कोलॅजन कमी आणि क्रॉसलिंक जास्त भासतात. महारोहिणीत उलटे होते : इलॅस्टिनमधले हायड्रॉक्सिप्रोलिनही हिशेबात येते आणि क्रॉसलिंक कमी दिसतात. ‘ओल्या ऊतकाच्या ग्रॅममागे’ मांडले तर फ्रीझरमध्ये महिनोन्महिने पडून सुकलेला तुकडा आकडा वाढवून देतो. मांसाचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, मग ही वाढ किरकोळ कशी असेल?

गँग्लिओसाइडला मात्र अॅसिड अजिबात सोसत नाही. सायलिक अॅसिडचा मोठा भाग 0.1 एन सल्फ्युरिक अॅसिडमध्ये 80 अंशांवर तासाभरात साखळीवरून सुटतो. ज्या नळीत कोलॅजन चोवीस तास तापते त्या नळीत शोधण्यासारखे गँग्लिओसाइड उरत नाही. ऊतक थोडेच असेल तर क्रम पाळा : आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड काढा, मग उरलेला गाळ कोलॅजनसाठी घ्या. उलट क्रम चालत नाही.

इथेही खोटी शून्ये आहेत, आणि ती अधिक कावेबाज आहेत. फॉल्च पद्धतीत गँग्लिओसाइड वरच्या, पाण्याच्या थरात जातात असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मेंदूपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण तिथे जीएम1, जीडी1ए, जीडी1बी आणि जीटी1बी यांचेच राज्य आहे. पण यकृत, प्लीहा, स्नायू अशा ऊतकांत जीएम3 मुख्य असतो, आणि त्याचा काही भाग खालच्या थरातच राहतो. मेंदूसाठी लिहिलेली कृती यकृताला लावून खालचा थर फेकून दिला तर आपण मुख्य घटकाचा एक वाटाच मोरीत ओततो. तसेच फॉस्फोलिपिड घालवण्यासाठी सौम्य अल्कलीची पायरी आपण सर्रास वापरतो. त्याच पायरीला गँग्लिओसाइडवरचे ओ-असेटिल गट गळून पडतात. अशा नमुन्यात ‘ओ-असेटिल जीडी3 आढळले नाही’ लिहिणे म्हणजे आपल्याच अल्कलीचा अहवाल देणे.

टीएलसी प्लेटवर रेसॉर्सिनॉल फवारून, काचेने झाकून तापवली की सायलिक अॅसिड असलेले पट्टे जांभळट-निळे उमटतात. स्वेनरहोल्म यांनी 1957 मध्ये दिलेली ही अभिक्रिया आजही आपल्या प्रयोगशाळांचा आधार आहे. पण ती गँग्लिओसाइड मोजत नाही, सायलिक अॅसिड मोजते. समजा जीएम1, जीडी1ए आणि जीटी1बी यांचे रेणू अगदी समान आहेत. त्यांत सायलिक अॅसिड अनुक्रमे एक, दोन आणि तीन. म्हणून डेन्सिटोमीटर 17, 33 आणि 50 टक्के सांगतो, आणि लेखक ‘जीटी1बी प्रबळ’ असे लिहितो. प्रत्येक पट्ट्याला त्याच्या सायलिक अॅसिडच्या संख्येने भागून मोलर टक्के द्यावेत, किंवा निदान टक्के कशाचे आहेत ते लिहावे. मेंदूतले सायालिडेज ही साखळी जीएम1 पर्यंत छाटू शकते, म्हणून कत्तल आणि गोठवणे यांमधला वेळ मिनिटांत नोंदवणे भाग आहे.

स्टँडर्डचाही विचार व्हावा. आपण बहुधा गोवंशाच्या मेंदूतले मिश्रण वापरतो. मेंदूत जवळजवळ सगळे सायलिक अॅसिड एन-असेटिल रूपातले असते. शेळी-म्हशीच्या इतर ऊतकांत एन-ग्लायकोलिल रूपही असते, जे माणसाचे शरीर बनवत नाही. त्याचा जीएम3 वेगळ्या उंचीवर थांबतो आणि आपण त्या पट्ट्याला ‘अनोळखी’ म्हणतो किंवा दुसऱ्याच गँग्लिओसाइडचे नाव देतो.

आणि जिथे रेसॉर्सिनॉलची नजर पोहोचत नाही तिथे पटकीच्या विषाचा उपयोग करा. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात जिवाणूविरहित गाळिवातून दाखवलेले हे विष पेशीवरच्या जीएम1ला घट्ट धरते. त्याचा निर्विष बी-उपएकक प्लेटवर सोडला की अत्यल्प जीएम1ही दिसतो. प्लेटवर आधी सायालिडेज फिरवले तर जीडी1ए, जीडी1बी आणि जीटी1बी यांचेही जीएम1 होते आणि त्यांचे पट्टे उजळतात. रेसॉर्सिनॉलने ‘आढळले नाही’ ठरलेला नमुना या पद्धतीने अनेकदा बोलता होतो.

पुढील अंकापासून या विषयांवरच्या लेखांत आम्ही काही गोष्टींचा आग्रह धरणार आहोत. जनावराचे दात, ऊतकाची नेमकी जागा आणि गोठवेपर्यंतची मिनिटे लिहा. क्षपण आणि अल्कली या पायऱ्या केल्या की गाळल्या ते सांगा. भाजक स्पष्ट लिहा. आणि ‘आढळले नाही’ या शेऱ्यासोबत मापनाची खालची मर्यादा द्या, तसेच त्याच ऊतकात मुद्दाम घातलेल्या स्टँडर्डपैकी शेवटी किती टक्के परत मिळाले हेही द्या. हा शेवटचा आकडा नसलेले लेख, बाकी कितीही चांगले असले तरी, आम्ही परीक्षकांकडे पाठवण्याआधी लेखकाकडे परत पाठवू. ज्यांच्याकडे पायरिडिनोलिनचे शुद्ध स्टँडर्ड किंवा जीएम3 ची दोन्ही रूपे नाहीत त्यांनी तसे कळवावे. ज्या प्रयोगशाळा देऊ शकतील त्यांच्याशी गाठ घालून देण्याचे काम संपादक मंडळ करेल.