मी तुमची जुनी चाहती!



या आठवड्याच्या टपालात एक पत्र असं निघालं, की लोणच्याला येणारी बुरशी आणि शाळेला जाताना रडणारी मुलं यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून ही सगळी जागा त्यालाच द्यावी असं वाटलं. लिहिणाऱ्या बाई जिल्ह्याच्या गावी राहतात. वय साठीच्या अलीकडचं. लेक अमेरिकेत असते आणि यंदा त्या तिच्याकडे जाणार आहेत. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या जहाजाची मालिका दाखवत. या बाई तेव्हा कॉलेजात होत्या. शेजाऱ्यांकडे जाऊन, जमिनीवर बसून त्यांनी ती पाहिली. त्यातला एक नट मनात जो बसला, तो लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण सगळं होऊनही तिथंच बसलेला आहे. आता लेकीच्या शहराजवळ मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन भरणार आहे आणि पाहुण्यांच्या यादीत त्या नटाचं नाव आहे. लेक म्हणते, "आई, तिकीट मी काढते, तू फक्त चल." आणि यजमान म्हणतात, "या वयात नटाच्या सह्या? लोक काय म्हणतील?"

बाई विचारतात, जावं का? आणि गेलेच, तर त्याच्यापुढे उभी राहून बोलू काय? खाली तळटीप आहे : 'माझं नाव छापू नका. त्याचंही छापू नका, आमच्या गल्लीत लगेच कळेल.' तेव्हा दोन्ही नावं माझ्यापाशीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. जा. जरूर जा. पण हे काय प्रकरण असतं ते नीट समजून घेऊन जा.

आपल्याला नटाला भेटायची सवय आहे ती नाटकामुळे. प्रयोग संपला, की घोळक्यानं रंगपटात शिरायचं, नट तोंडावरचा रंग पुसत असतो, त्याला "काम फार छान झालं हो" म्हणायचं, वहीवर सही घ्यायची आणि शेवटची बस गाठायची. पैसे पडतात ते नाटकाच्या तिकिटाचे, भेट फुकट. अमेरिकेत ज्यांच्या मुली-सुना आहेत त्यांनी कदाचित बृहन्महाराष्ट्र मंडळाचं दर दोन वर्षांनी भरणारं अधिवेशनही पाहिलं असेल. तिथं मराठी नटनट्या जेवणाच्या रांगेत आपल्या पुढेमागेच उभ्या असतात. चाहत्यांच्या संमेलनाचा कारभार मात्र निराळा. तिथं भेट हीच विकायला असते, आणि ती मिनिटांवर नव्हे, सेकंदांवर मोजतात.

सुरुवात अशी नव्हती बरं का. 'स्टार ट्रेक'चं पहिलं मोठं संमेलन २१ ते २३ जानेवारी १९७२ या तीन दिवसांत न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात भरलं. मालिका १९६९ मध्येच बंद पडली होती. भरवणाऱ्या मंडळींना वाटलं, येतील चार-पाचशे लोक. आले तीन हजारांच्या आसपास! आणि भरवणारी मंडळी कोण? त्यांत बायका पुढे होत्या. एक ग्रंथालयात काम करणारी, एक टेलिव्हिजन कंपनीत नोकरी करणारी. त्याच्याही आधी, १९६७-६८ च्या हिवाळ्यात मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल नावाच्या संसारी बाईनं नवऱ्याला हाताशी धरून देशभरच्या चाहत्यांना कंपनीला पत्रं लिहायला लावलं. पत्रांचा असा पाऊस पडला, की १ मार्च १९६८ ला एनबीसी कंपनीनं भाग संपल्यावर पडद्यावरून जाहीर केलं, मालिका चालू राहणार. हीच बाई १९७६ मध्ये पुन्हा पत्रांच्या मोहिमेत पुढे होती, आणि अमेरिकेच्या पहिल्या, चाचणीच्या स्पेस शटलला, मालिकेतल्या जहाजाचं 'एंटरप्राइज' हे नाव पडलं. तेव्हा 'नटांच्या मागे लागणं हा पोरकटपणा' असं घरात कुणी म्हणालं, तर हे खुशाल ऐकवा.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते. त्याच मालिकेत निशेल निकल्स नावाची कृष्णवर्णीय नटी होती. जहाजावर संदेशांचं काम पाहणाऱ्या अधिकारी बाईचं, उहुराचं काम ती करी. पहिलं वर्ष संपता संपता ती कंटाळली. वाट्याला येणारे संवाद जेमतेम, आणि ओढ रंगभूमीची. तिनं निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या हाती राजीनामा दिला. ते म्हणाले, शनिवार-रविवार विचार करा. त्याच सुट्टीत ती एका निधी जमवण्याच्या कार्यक्रमाला गेली होती. कुणीतरी येऊन सांगितलं, तुमच्या एका मोठ्या चाहत्याला तुम्हाला भेटायचंय. तिनं वळून पाहिलं तर समोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग! आमच्या घरी मुलांना रात्री जागून पाहू देतो अशी ही एकच मालिका, असं त्यांनी सांगितलं. ती सोडतेय हे कळल्यावर ते म्हणाले, तसं करू नका, आमच्या लोकांना इतक्या मानानं वागवलेलं पडद्यावर दुसरीकडे दिसत नाही. सोमवारी तिनं राजीनामा मागे घेतला. ही हकिगत तिनं स्वतः पुढे कितीतरी वेळा सांगितली.

आणि हेही ऐका. १९७५ मध्ये शिकागोच्या अशाच एका संमेलनात तिनं नासाच्या एका शास्त्रज्ञाचं भाषण ऐकलं आणि तिच्या मनात आलं, या अंतराळवीरांत आमच्यासारखे लोक का नाहीत? मग १९७७ मध्ये नासासाठी ती देशभर फिरली आणि बायकांना, कृष्णवर्णीयांना अर्ज करायला सांगत राहिली. १९७८ मध्ये निवडलेल्या ३५ जणांत सहा बायका होत्या. त्यांतलीच सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. निशेलबाई २०२२ च्या जुलैत वारल्या. शेवटच्या काही वर्षांपर्यंत त्या संमेलनांना जात, चाहत्यांना भेटत. म्हणून म्हणते, चाहत्यानं नटाला सांगितलेलं एखादं वाक्य अगदीच वाया जातं असं नाही.

बरं, आता कामाचं बोलू.

प्रवेशाचं तिकीट म्हणजे नुसतं मंडपात शिरणं. त्यात नटांची भाषणं आणि प्रश्नोत्तरं बहुधा ऐकायला मिळतात. सहीचे पैसे वेगळे आणि नटाबरोबर फोटो काढायचे आणखी वेगळे. सहीला साधारण ४०-५० डॉलरांपासून दीडशेपर्यंत पडतात, फार मोठं नाव असलं तर त्याहूनही जास्त. फोटोचंही तसंच. लेकीला सांगा, दोन्ही घेऊ नकोस. आणि मला विचाराल, तर मी सहीच घेईन. फोटोच्या खोलीत रांग भराभर पुढे सरकते : पर्स बाजूच्या टेबलावर, दोन पावलं, नटाशेजारी उभं राहायचं, दिवा चमकला, चला पुढे. दहा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. "नमस्कार" म्हणेपर्यंत पुढची बाई येऊन उभी राहते. सहीच्या टेबलापाशी नटाला तुमचं नाव लिहावं लागतं, तो मान वर करून तुमच्याकडे बघतो, तेवढ्यात दोन वाक्यं बोलून होतात. तिथली माणसं रांगेतच एका चिठ्ठीवर तुमचं नाव लिहून घेतात. ते मोठ्या सुट्या अक्षरांत लिहायला लावा. नाहीतर 'विजया'चं काहीतरी भलतंच होऊन जन्मभर भिंतीवर राहील.

फोटोच घ्यायचा असला, तर चष्मा क्षणभर काढा किंवा किंचित खाली वाकवा, काचेवर दिव्याचा ठिपका पडतो. साडी नेसणार असलात तर पदर पिन लावून पक्का करा. नटाच्या खांद्यावर हात टाकायचा नाही, आधी विचारायचं. तसंच तिथं पुष्कळजण मालिकेतले पोशाख करून येतात. पाहायला मोठी मजा येते, पण कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नका.

रांगेत तास-दीड तास सहज जातो. खाली सिमेंटची फरशी असते. चपला हव्यात त्या मऊ, जुन्या, पायात मुरलेल्या. वातानुकूलनानं हॉल गारठलेले असतात, तेव्हा शाल जवळ ठेवा. ज्यांना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही त्यांना बसायची सोय पुष्कळ संमेलनांत करून देतात, मात्र सकाळी आल्या आल्या चौकशीच्या टेबलावर आपण होऊन सांगावं लागतं. आपल्या बायका सांगत नाहीत, मग संध्याकाळी पाय धरून बसतात. बाहेरचं खाणं आत चालतं का हे लेकीला आधीच विचारून ठेवायला सांगा. चालत असलं तर दशम्या आणि चटणी.

खाण्यावरून आठवलं. बाईंनी पत्रात विचारलंय, त्याच्यासाठी बेसनाचे लाडू नेऊ का? नका नेऊ. तो घेईल, हसेल, आभारही मानेल. पण अनोळखी माणसानं दिलेलं घरचं खाणं ही मंडळी सहसा तोंडात घालत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. तुपात भाजलेलं बेसन मग कुठं जाईल याचा विचारही करवत नाही. त्यापेक्षा एक छोटं पत्र न्या. एक पानी, स्वतःच्या अक्षरात. इंग्रजी लेकीकडून तपासून घ्या, पण वाक्यं तुमचीच राहू द्या.

आता तो मुख्य प्रश्न : बोलायचं काय? नुसतं "मी तुमची जुनी चाहती" म्हणू नका. ते तो सकाळपासून तीनशे वेळा ऐकून बसलेला असतो. 'तुमच्या सतराव्या भागात...' असंही सुरू करू नका. त्यानं ते काम १९६६ ते १९६९ च्या दरम्यान कधीतरी केलंय, त्याला ते आठवेलच असं नाही, आणि आठवलं नाही की दोघंही ओशाळता. तब्येत, लग्न, घरच्या भानगडी यांतलं तर अवाक्षरही नको. तुमच्यापाशी असं काही आहे जे त्या रांगेतल्या कुणापाशी नसेल. पत्रात तुम्हीच लिहिलंय : शेजाऱ्यांच्या घरी, वीस माणसं, एक संच, इंग्रजी अर्धंच कळायचं, आणि तरी सगळे श्वास रोखून बसायचे. ते सांगा. गावाचं नाव सांगा. दोन वाक्यं, मग "थँक यू", आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. करोनाच्या साथीनंतर बरेच नट हात मिळवायचं टाळतात, तेव्हा आपला नमस्कार फार सोयीचा पडतो.

ही दोन वाक्यं आधी म्हणून पाहा. भाजी चिरताना, आंघोळ करताना. ऐनवेळी घसा दाटतो, डोळे भरतात. पुष्कळांचं होतं, तिथल्या माणसांना त्याची सवय असते. त्यात लाजू नका.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. नट येईलच याची हमी कुणी देत नाही. शूटिंग निघतं, प्रकृती बिघडते, त्यातून त्या जुन्या मालिकेतली हयात माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरातली. न आल्यास सहीचे किंवा फोटोचे पैसे साधारणपणे परत मिळतात, पण प्रवेशाचे आणि प्रवासाचे बहुधा नाही. तेव्हा बेत असा ठेवा, की तो नाही आला तरी दिवस फुकट गेला असं वाटू नये. आणि आला, पण थकलेला, त्रासलेला दिसला, तर तेही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कॉलेजच्या दिवसांत जो होता तो लेखकांनी लिहिलेला माणूस होता. समोर बसलेला म्हातारा निराळा, त्याचीही कंबर दुखत असणार.

पैशांचं म्हणाल, तर लेकीनं तिकीट काढलंय ते काढू द्या. सही मात्र स्वतःच्या पैशांतून घ्या, जमेल तशी. मग घरात कुणाला हिशेब द्यायला नको आणि लेकीपुढे संकोचायलाही नको.

राहिले यजमान. त्यांना पटवत बसू नका आणि ओढून तर मुळीच नेऊ नका. रांगेत शेजारी उभं राहून घड्याळ बघणारा माणूस असला की सगळा आनंद विरजतो. त्यांना जावयाबरोबर घरी राहू द्या. पण एक सांगा हो, हेच गृहस्थ क्रिकेटच्या सामन्यासाठी रात्री तीनला उठून बसत असतील ना? कुणी विचारलं का त्यांना, या वयात कशाला म्हणून?

ज्यांना अमेरिका लांब पडते त्यांच्यासाठी : आपल्याकडेही २०११ पासून 'कॉमिक कॉन' भरतं, पहिलं दिल्लीत झालं, मुंबईतही भरतं. तिथं गर्दी कॉमिक्सवाल्यांची आणि पोशाख करून येणाऱ्या तरुण पोरांची जास्त. मुलगा-मुलगी "जाऊ का" म्हणून मागे लागली असतील, तर एकदा बरोबर जाऊन पाहा.

आणि बाई, सही घेतल्यावर लगेच पिशवीत कोंबू नका. गुळगुळीत फोटोवरची शाई वाळायला वेळ लागतो, घाई केली तर बोटानं फराटा ओढला जातो. घरून दोन जाड पुठ्ठे आणि मधे घालायला कोरा कागद न्या, विमानात तो फोटो हातातल्या सामानातच ठेवा, आणि घरी आल्यावर चौकट करून लावाल तेव्हा उन्हाच्या भिंतीवर नको, सहीची शाई उन्हानं उडते. स्वयंपाकघराच्या दाराशी, सावलीत, जागा असेल तर बघा.