चिठ्ठी एका मुलाची, गुन्हा त्याच्या नावाचा



गेल्या महिन्यात नाशिक येथील आमच्या कचेरीत एक गृहस्थ आले. धम्मदीक्षा घेऊन त्यांना तीन वर्षे झाली आहेत. हातात वहीचे फाडलेले एक पान होते. बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या कन्येला, तिच्याच वर्गातील व शेजारच्या मोहल्ल्यातील एका मुसलमान मुलाने लिहिलेली ती चिठ्ठी. “वकीलसाहेब, हा लव्ह जिहाद आहे. पोराला आत टाका,” ते म्हणाले.

आम्ही चिठ्ठी वाचली. तू दोन दिवस का आली नाहीस, रसायनशास्त्राची टिपणे तुझ्यासाठी उतरून ठेवली आहेत, आणि शेवटी, खोडून पुन्हा लिहिलेले, तू मला आवडतेस. एवढेच.

“दादा, हीच चिठ्ठी आपल्या वस्तीतल्या मुलाने लिहिली असती तर?”

“दोन थोबाडीत दिल्या असत्या, विषय संपला असता.”

थोबाडीत देण्याचेही समर्थन आम्ही करीत नाही, तो भाग निराळा. पण मग याच मुलासाठी पोलीस ठाणे कशाला? गृहस्थ गप्प बसले.

वाचकहो, ज्या शब्दाने एका बापाच्या डोळ्यांवर पडदा पडला, त्या शब्दाची व्याख्या प्रचलित कायद्यात कोठेही नाही, असे खुद्द केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत लेखी सांगितले आहे. तरीही हा शब्द काय करू शकतो, ते याच नाशिक शहराने पाहिले. २०२१ च्या मे महिन्यात येथील एक हिंदू वधू व मुसलमान वर यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघेही सज्ञान, दोन्ही घरची संमती. जुलैमध्ये सोहळा व्हावयाचा होता. पण निमंत्रणपत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरली, अनोळखी लोकांचे दूरध्वनी सुरू झाले आणि ठरल्या दिवशी मांडव पडू शकला नाही. कायद्याने झालेल्या विवाहाला परक्यांची परवानगी घ्यावयाची काय?

हे हिंदू-मुसलमानांचे भांडण आहे, आपले त्यात काय, असे तुम्ही म्हणाल. तर मग १३ डिसेंबर २०२२ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आठवा. आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती त्याने नेमली. पण पहिल्या दिवशी त्या कागदावर ‘आंतरजातीय’ हाही शब्द होता. ओरड झाली, म्हणून दोन दिवसांत तो गळाला. म्हणजे त्या यादीत प्रथम तुमची मुलेही होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्यापुढेही ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीचे धर्मांतर हे दोन विषय एकाच कागदावर ठेवले गेले. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जमलेल्या लक्षावधींनी अगोदर कोणाच्या कचेरीत रांग लावावयाची होती?

आणि संशयाचा हा रोग आपल्याला नवा आहे काय? २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्डा येथे आपला सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला. एका सवर्ण मुलीशी तो बोलत होता म्हणून हे घडले, असा खटला उभा राहिला. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाचे वय आणि या चिठ्ठी लिहिणाऱ्याचे वय एकच आहे. त्या वेळी आपण मोर्चे काढले. आज तीच संशयाची नजर आपण शेजारच्या पोराकडे वळवावी, ही कोठली माणुसकी?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या लाहोरच्या भाषणात जातिनाशाचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाह सांगितला. स्वतः १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला तो सारस्वत कुळातील डॉ. शारदा कबीर यांच्याशी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने आज कोणालाही धर्म न सोडता लग्न करता येते. वर एकवीस वर्षांचा हवा, वधू अठराची. तीस दिवसांची नोटीस लागते. (या कायद्याने लग्न करणारा बौद्ध एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कलम १९ मानते, हेही माहीत असू द्या.) पण येथे लग्नाचा प्रश्नच नाही. मुलगा सतराचा आहे, मुलगी त्याहून लहान. त्यांनी शिकावे. मुलीशी तिच्या आईने बोलावे, तिला काय वाटते ते विचारावे; तिला विचारण्याचे कोणाला सुचलेच नव्हते.

गृहस्थांनी तक्रार दिली नाही. पण ते कचेरीत येण्यापूर्वीच वस्तीतील चार तरुण मोहल्ल्याच्या तोंडाशी उभे राहून आले होते. तेव्हापासून मुलगा कॉलेजात आलेला नाही. बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत अजून संपलेली नाही. त्याच्या घरी जाऊन, “चाचा, पोराला उद्या कॉलेजात पाठवा, वाटेत कोणी अडवणार नाही,” असे सांगावयास आपल्यापैकी कोण जाणार, हे या रविवारी विहारात वंदनेनंतर ठरवा. मी बरोबर येईन.