उताराची पारख

दिवाळीचा फराळ संपून घर पुन्हां आपल्या चालीवर आलें, कीं आमच्या ओसरीवर दरवर्षीं एखादा मोठा प्रश्न निघतो. कधीं तो मुलीच्या स्थळाचा असतो, कधीं विहिरीच्या गाळाचा. यंदां तो निघाला गाडीच्या गियरांचा. 'ह्या सदरांत हा विषय कसला?' असें कित्येक भगिनी मनांत म्हणतील. परंतु ज्या घरांत तीन भाऊ एका चुलीवर जेवतात, तेथें लाखांच्या किमतीची वस्तु यावयाची आणि तिच्यावर घरचींच मुलें बसावयाचीं, तर तिची पारख सर्वांनाच ठाऊक असलेली बरी.

हकीकत अशी. आमचें घर मुरबाड तालुक्यांत, माळशेजच्या वाटेवर आहे. धाकट्या भावाचा मुलगा शेतीबरोबर मालाची ने-आण करतो. आमच्याकडची भेंडी व पेंढा तो कल्याण-भिवंडीकडे पोंचवतो. आणि हंगामांत घाटावर ओतूर-जुन्नरास जाऊन तिकडचा कांदा व भाजीपाला कल्याणच्या बाजारांत आणतो. आजवर हें भाड्याच्या गाडीनें चाले. आतां स्वतःची डिझेल पिकअप घ्यावी, असा त्याचा मनोदय आहे. थोरल्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंत डेन्व्हर येथें असतो. त्याच्याजवळ मोठी डिझेल पिकअप आहे, आणि सुटींत तो तिच्यामागें चाकांवरचें लहानसें घर जोडून मुलाबाळांसह डोंगरांत जातो. पाडव्याच्या दिवशीं त्याचा फोन आला तेव्हां त्यानें धाकट्यास बजावून सांगितलें, "ओझें ओढायचें असेल तर ऑटोमॅटिकशिवाय घेऊं नकोस. हातानें गियर बदलण्याचे दिवस गेले."

धाकटा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, दादा असें म्हणतो. इथले ड्रायव्हर म्हणतात, घाटाला हातचाच गियर हवा. तुम्ही काय म्हणतां?"

मीं जन्मभर मुलांना संस्कृत व गणित शिकवलें. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. तथापि पुतण्यानें विचारलें म्हणून मीं चार दिवस माहिती वाचली, दोन मिस्त्रींना विचारलें, आणि जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम गियरची पेटी करते काय, तें पाहूं. संस्कृतांत जुवाच्या भाराला 'धुर्' म्हणतात. तो भार वाहणारा तो धुरंधर. इंजिन हा बैल आणि चाक हें ओझें, असें मानलें तर दोहोंमधील धुरा म्हणजे ही पेटी. डिझेल इंजिन ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यांतच नीट जोर देतें. मालवाहू पिकअपच्या पहिल्या गियरांत इंजिनाचे सुमारें पंधरा ते वीस फेरे होतात, तेव्हां चाकाचा एक होतो. वेग जातो, पण जोर तितक्या पट वाढतो. शेवटच्या गियरांत तीनचार फेऱ्यांतच चाक एकदां फिरतें. वेग येतो, जोर राहत नाहीं. आपल्याकडे पिकअपच्या मागें ट्रॉली जोडण्याचा प्रघात फारसा नाहीं. ओढण्याचें काम ट्रॅक्टरचें, पाठीवर वाहण्याचें पिकअपचें. पण घाटांत ओझें मागें असो वा पाठीवर असो, पेटीला तें सारखेंच सोसावें लागतें.

हातच्या पेटीत इंजिन व गियर ह्यांना जोडणारा क्लच असतो. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हां उचलतांना ज्याचा पाय कच्चा, तो क्लच जाळतो. ऑटोमॅटिकमध्यें त्याच्या जागीं तेलानें भरलेला एक डबा असतो. त्यांत दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात. इंजिन एकास फिरवतें आणि त्यानें लोटलेल्या तेलाच्या प्रवाहानें दुसरा फिरूं लागतो. जळावयास क्लचच नाहीं. उलट गाडी जागची हलतांना हा डबा जोर सुमारें दुप्पट करून देतो. मात्र तेल घुसळलें जाऊन तापतें, म्हणून तें थंड राखावें लागतें व वेळच्या वेळीं बदलावें लागतें.

थोरल्याचें म्हणणें निराधार नव्हतें. अमेरिकेंत रॅम कंपनीच्या जड डिझेल पिकअपमध्यें २०१८ च्या मॉडेलपर्यंत हातचा गियर मिळे. त्यानंतर तो बंद झाला. त्या वर्षींच्या त्याच गाडीत हातच्या पेटीबरोबर इंजिनाची पीळशक्ति ६६० फूट-पौंड ठेवलेली होती, आणि ऑटोमॅटिकबरोबर ती ९३० पर्यंत मिळे. आपल्या देशांत २०२२ सालीं आलेल्या टोयोटाच्या हायलक्स पिकअपचेंही तसेंच आहे. २.८ लिटरचें एकच इंजिन. पण हातच्या गियरबरोबर ४२० न्यूटन-मीटर आणि ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर. पेटीला सोसेल तेवढाच जोर इंजिनास द्यावयाचा, असा हा हिशोब.

एवढें वाचून माझें मत ऑटोमॅटिककडे झुकलें. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं हें सर्व आंकड्यांनिशीं मांडलें. पुतण्या खूष झाला. धाकटा भाऊ झोपाळ्यावर पाय लांब करून बसला होता. तो सारें ऐकून एवढेंच म्हणाला, "अण्णा, आपली गाडी चढते रिकामी. उतरते भरलेली. तुम्ही सगळे चढाचेंच बोलतां आहां."

ओसरी एकदम गप्प झाली, आणि त्याचें कारण घरांत सर्वांना ठाऊक आहे.

१९९४ च्या भाद्रपदांत हा भाऊ एका जुन्या टेंपोंतून ओतूरचा कांदा घेऊन माळशेज घाट उतरत होता. घाटमाथ्यावर त्यानें गाडी न्यूट्रलमध्यें टाकली. अर्ध्या उतारावर ब्रेक तापून धूर येऊं लागला, पुढें पाय दाबून उपयोग होईना, आणि गियर घालूं म्हटलें तर तो पडेना. त्यानें प्रसंगावधान राखून गाडी दरीकडे न जाऊं देतां डोंगराच्या अंगास घातली. जीव वाचला, उजवा पाय मात्र कायमचा आंखूड झाला. न्यूट्रलमध्यें उतरल्यास डिझेल वांचतें, हा हिशोब त्याला कोणीं सांगितला होता? मीं. ह्याच ओसरीवर, पाटीवर आंकडे मांडून. त्यानें तीस वर्षांत मला एकदांही त्याची आठवण दिली नाहीं. त्या रात्रींही दिली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं तो जुना हिशोब पुन्हां तपासला. तो मुळांतच चूक होता. गाडी गियरमध्यें असतां चालकानें पाय उचलला, कीं हल्लींच्या इंजिनांत डिझेलचा पुरवठा सर्वस्वीं बंद होतो. चाकेंच इंजिनास फिरवतात. जुन्या पंपांतही नियामक हेंच काम करी. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहावें म्हणून डिझेल जळतच राहतें. म्हणजे ज्या बचतीपायीं भावाचा पाय गेला, ती बचत नव्हतीच.

मग मीं दुसरा हिशोब केला. तो वाचकांनीं अवश्य पाहावा. मालासकट तीन टनांची गाडी समजा पांचशें मीटर खालीं उतरली. तेवढ्या उंचीची शक्ति कोठें तरी जिरलीच पाहिजे, आणि ती उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ही उष्णता किती? साध्या नळाचें पन्नास लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी. लग्नघरांतला मोठा हंडा डोळ्यांपुढें आणा. ती सगळी आंच जर चार चाकांच्या ब्रेकांनींच सोसावयाची, तर ते जळतील नाहीं तर काय होईल! खालच्या गियरांत उतरलें, तर तिच्यांतील बराच वांटा इंजिन उचलतें, आणि त्याच्यापाशीं उष्णता बाहेर टाकण्यास पाणी व पंखा आहे.

येथें डिझेलची एक खोड ध्यानांत ठेवली पाहिजे. पाय उचलल्यावर पेट्रोलचें इंजिन जितकें आखडतें तितकें डिझेलचें आखडत नाहीं. म्हणून मोठ्या ट्रकांना धुराची वाट आंवळून इंजिनास अडवणारा निराळा ब्रेक असतो. थोरल्याच्या अमेरिकन गाडीतही तो आहे. शिवाय ओझ्यासाठीं एक निराळें बटण आहे, तें दाबलें कीं पेटी उतारावर आपण होऊन खालचा गियर धरून ठेवते. त्याला ऑटोमॅटिक सुखाची वाटते ती ह्या दोन सोयींमुळें. आपल्या लहान मालवाहू पिकअपांना बहुधा ह्यांपैकीं कांहीं नसतें. तेथें चालकानें स्वतः घातलेला खालचा गियर हाच आधार.

शहापुरास माझी बहीण दिलेली आहे. तिचे यजमान कसाऱ्याकडे रेल्वेंत नोकरीस होते. त्यांना हें सांगितलें तेव्हां ते हंसले. म्हणाले, "अण्णासाहेब, आमच्या खात्यानें हा विचार फार पूर्वींच केलेला आहे." कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. सदतीस फूट पुढें गेल्यावर एक फूट वर, असा त्याचा कठीण चढ आहे. चढतांना गाडीस मागून जादा इंजिनें लावतात, हें तिकडे प्रवास केलेल्या सर्वांनीं पाहिलें असेल. पण उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर तिला वळवून घेण्यासाठीं डोंगराच्या अंगास चढत जाणारा एक आंधळा रूळही तेथें ठेवलेला असतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. थोरल्यास फोनवर हें सांगतांच तो म्हणाला, "काका, आमच्याकडे डोंगरी हमरस्त्यांवर बेताब ट्रकांसाठीं अगदीं अशाच चढत्या वाटा केलेल्या आहेत. रोज पाहतों, पण असा विचार कधीं केला नव्हता."

शहापूरकडच्या मंडळींची अडचण आतां थोडी हलकी झाली आहे. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यांतल्या सुमारें पावणेआठ किलोमीटरांच्या बोगद्यामुळें कसारा घाट टाळतां येतो. आम्हां मुरबाडकरांस माळशेज उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

अखेर निर्णय काय झाला? दोन्ही पुतण्यांचें ऐकून आणि भावाचा शब्द प्रमाण मानून पांच गियरांची, हातानें बदलावयाच्या पेटीची साधी मालवाहू पिकअप ठरली. ऑटोमॅटिक वाईट म्हणून नव्हे. ज्याला शहरांत वारंवार थांबत जावयाचें आहे, किंवा चढावर जड ओझें ओढावयाचें आहे, त्यानें ती खुशाल घ्यावी. पण तिच्यांत गियर हातानें खालीं धरून ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावी. शिवाय 'ऑटोमॅटिक' ह्या एकाच नांवाखालीं दोन निरनिराळ्या वस्तु विकल्या जातात. एक वर सांगितलेली तेलाच्या डब्याची. दुसरी म्हणजे हातचीच पेटी, जिचा क्लच माणसाऐवजीं यंत्र दाबतें. ह्या दुसरीत क्लच तोच आणि त्याची झीजही तीच. दुकानांत हें स्पष्ट विचारावें.

आणखी दोन गोष्टी. एकत्र कुटुंबांत गाडी एका हातीं राहत नाहीं. मोटार चालवण्याच्या साध्या परवान्यावर ७५०० किलोपर्यंतचें मालवाहू वाहन चालवतां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें स्पष्ट केलें आहे. म्हणजे आज पुतण्या, उद्यां त्याचा भाऊ, परवां भाच्याची हौस. कायदा मोकळीक देतो, पण घाट देत नाहीं. तेव्हां ज्याला भरल्या गाडीसह घाट उतरण्याची संवय नाहीं, त्याच्या हातीं किल्ली देऊं नये, हा ठराव वडील माणसांनीं घरांतच करावा. आणि गाडीच्या कागदावर जेवढा भार लिहिला असेल, त्याहून आपला नेहमींचा माल थोडा कमीच असावा. अधिक भरलेल्या प्रत्येक पोत्याचा भार उतारावर ब्रेकांवर पडतो.

मार्गशीर्षांतल्या गुरुवारीं गाडी दारीं आली. सूनबाईंनीं कुंकू लावलें, नारळ फुटला. पहिल्या फेरीस पुतण्यानें वडिलांस पुढें बसवलें; त्या अपघातानंतर भाऊ त्या घाटांत प्रथमच पुढच्या बैठकीवर बसला. मीही आग्रहानें त्याच्या शेजारीं बसलों. ओतुरास माल भरून संध्याकाळीं आम्ही परतलों. घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्यापूर्वींच, भावानें गाडी थांबवावयास लावली आणि मुलास म्हणाला, "आतां दुसरा गियर घाल, आणि खालीं पोंचेपर्यंत काढूं नकोस." पुतण्यानें तसें केलें. इंजिन गुरगुरत राहिलें, गाडी आपल्या पायांनीं चालल्यासारखी सावकाश उतरली, ब्रेक क्वचितच लावावा लागला. मागून येणारे भोंगे वाजवून पुढें निघून जात होते. पायथ्याशीं मोरोशीच्या बाजूस लागल्यावर भावानें माझ्याकडे पाहिलें आणि विचारलें, "अण्णा, डिझेल किती जळलें असेल हो?"

मीं म्हटलें, "उतारावर? कांहीं नाहीं." तो हंसला. मलाही पुष्कळ वर्षांनीं त्या वाटेवर हंसूं आलें.