दवाखान्याचा दिवस आणि बाहेरचे जेवण

बाहेर जेवायला जाणे म्हटले की शहरातल्या कुटुंबाला वाढदिवस किंवा रविवारची संध्याकाळ आठवते. राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी सत्तरी ओलांडलेला माणूस बाहेर जेवतो तो बहुधा दवाखान्याच्या दिवशी. पहाटेची एसटी, उपाशीपोटी द्यावयाचे रक्त, केसपेपरची रांग आणि मग यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूर येथील एखाद्या हॉटेलाचे बाकडे. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, ही मोठीच सोय झाली. मात्र उतरल्यावर काय खावे, याचा विचार आपण घरून निघताना क्वचितच करतो. सकाळी दहा वाजता कडकडीत भूक लागलेली असते आणि समोर कढईतून आलूबोंडे निघत असतात. त्या क्षणी कोणाचाही विवेक टिकत नाही. आमचाही टिकलेला नाही.

मधुमेहींच्या बाबतीत या न्याहारीला आणखी एक महत्त्व आहे. उपाशीपोटी रक्त दिल्यानंतर जेवून, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावयाचे असते. त्या मधल्या वेळात दोन समोसे आणि गोड चहा झाला, तर कागदावर येणारा आकडा त्या समोशांचा असतो, तुमच्या रोजच्या आहाराचा नव्हे. डॉक्टर मात्र तो आकडा पाहून गोळी वाढवू शकतात. मग वाढलेली गोळी घेऊन तुम्ही घरी परतता, नेहमीची भाकर आणि वरण खाता, आणि रात्री साखर एकाएकी उतरते. दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे होत. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. वृद्धापकाळी साखर वाढण्याइतकेच तिचे असे उतरणेही घातक असते. म्हणून तपासणीच्या दिवशी घरी जे आणि जेवढे खाता, तेच आणि तेवढेच खावे. आकडा चांगला यावा म्हणून अर्धपोटी राहणेही तितकेच चूक. त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन केव्हा घ्यावे, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवावे.

आता हॉटेलात काय मागावे? आपल्या भागात पोह्यांना पर्याय नाही, आणि पोहे वाईटही नाहीत. प्रश्न असतो तर्रीचा. तर्री पोह्यांवर ओतू न देता वेगळ्या वाटीत मागवावी. चमच्याने खालचे हरभरे उचलून घ्यावेत, कारण प्रथिने त्यांत आहेत. वर तरंगणारे लाल तेल वाटीतच राहू द्यावे. एक ग्रॅम तेलातून 9 कॅलरी मिळतात, पीठ किंवा डाळीतील पिष्ट आणि प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममधून 4. मोठा चमचाभर तेल वाटीत उरले, तरी सव्वाशेच्या आसपास कॅलरी टळल्या. एवढी ऊर्जा खर्चण्यासाठी या वयात किती चालावे लागेल, याची कल्पना करून पाहावी. इडली मिळाल्यास उत्तमच, मात्र चटणीपेक्षा सांबार अधिक घ्यावे. उकडलेले अंडे चालत असेल, तर त्यासारखा सोपा पदार्थ नाही.

तेल निदान डोळ्यांना दिसते, मीठ दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाला जास्तीत जास्त 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ सांगितले आहे. हॉटेलातला रस्सा, पापड, लोणचे आणि खारा मठ्ठा एकाच ताटात आले, तर ती मर्यादा एका जेवणातच गाठली जाऊ शकते. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी रश्श्याची वाटी निम्मी ठेवावी आणि मठ्ठ्याऐवजी मीठ न घातलेले दही किंवा ताक मागावे. वडकीहून नागपूरच्या महामार्गाला लागल्यावर ढाब्यांवर थांबणाऱ्यांनी 'डाळ फोडणीविना द्या आणि रोटीला लोणी लावू नका' एवढे सांगावे. त्यात संकोच कसला? मात्र कवळी असेल, तर तंदुरी रोटीचा हट्ट सोडून मऊ पोळी किंवा वरण-भात घ्यावा. आधीच चिरून ठेवलेल्या काकडी-टोमॅटोपासून दूरच राहावे.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थापुढे कॅलरी छापल्या पाहिजेत, असा नियम जुलै 2022 पासून लागू आहे. तो नागपुरातील मोठ्या दुकानांत उपयोगी पडेल, परंतु बसस्थानकासमोरच्या हॉटेलातील फळ्यावर केवळ दर असतात. तेथे हिशेब आपणच करावयाचा. त्यासाठी एक माप सांगतो. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण ठरवून दिलेले होते. आमच्या ढोबळ हिशेबाने ते साडेपाचशे ते सहाशे कॅलरींचे जेवण होते. पुष्कळशा बैठ्या वृद्धांना दुपारी एवढे पुरते. केंद्र जवळ असो वा नसो, ते ताट डोळ्यांसमोर ठेवावे आणि 'पाहिजे तेवढे' वाढणाऱ्या भोजनालयात त्याच्याशी तुलना करावी. अशा ठिकाणी पैसे वसूल करण्याची वृत्ती फार महागात पडते.

परंतु सर्वच वृद्धांनी कॅलरी कमी कराव्यात, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गेल्या काही महिन्यांत सदरा सैल झाला असेल, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या असतील, तर तूप-पोळी काढून घेण्याऐवजी वजन का घटले ते डॉक्टरांना विचारावे. अशा व्यक्तीला हॉटेलातील दहीभात किंवा खीरही द्यावी, मधुमेह नसल्यास.

घरून शिदोरी न्यावी हा सल्ला सोपा आहे. दशम्या टिकतातही. परंतु पहाटे साडेचारला उठून त्या कोण करणार, हे सल्ला देणारा सांगत नाही. बहुधा सूनबाई, जिला दिवसभर रांगेतही उभे राहावयाचे असते. तेव्हा शक्य असेल त्या दिवशी शिदोरी, एरवी हॉटेल, असे निःसंकोच ठरवावे. पिशवीत फुटाणे आणि एक केळे असले, तरी पहिली भूक भागते आणि कढईसमोर शांतपणे उभे राहता येते.

आणि सोबत जाणाऱ्यांनो, वेटरसमोर 'यांना साखरेचा त्रास आहे, यांना काही तळलेले देऊ नका' असे मोठ्याने सांगू नका. आमच्या परिचयातील एक आजोबा अशाच एका वाक्यानंतर ताटावरून उठले होते आणि परतीच्या गाडीत कोणाशीही बोलले नाहीत. पुढल्या खेपेस मुलाने गाडीतच विचारले, 'बाबा, आज काय घ्यायचे?' आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, पोहे, तर्री वेगळी, आणि एक आलूबोंडा दोघांत. दुसरे रक्त देऊन झाल्यावर, स्वतःच मागविलेला तो अर्धा आलूबोंडा त्यांनी फार सावकाश खाल्ला.