विसरणाऱ्याची साक्ष

सत्तरीचा, निवृत्त झालेला गुरांचा डॉक्टर. गावाकडचं घर, जवळच बांबूचं बन, घरात तरुण मुलगी. अल्झायमरचं निदान झाल्यापासून म्हातारा सगळं टिपून ठेवू लागला आहे. या माणसाने तरुणपणापासून माणसं मारली, त्या बनात पुरली आणि तो कधीच पकडला गेला नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि पहिल्याच वाक्यात अडखळतो. शेवटचा खून पंचवीस वर्षांपूर्वी केला की सव्वीस, हे त्याला नक्की सांगता येत नाही.

दक्षिण कोरियाचे कादंबरीकार किम यंग-हा यांची ही लघुकादंबरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये क्रिस ली यांच्या अनुवादातून ती ‘डायरी ऑफ अ मर्डरर’ या नावाने आणखी तीन कथांसह इंग्रजीत आली. एका बैठकीत संपावी एवढीच ती आहे. छोटी छोटी टिपणं, काही जेमतेम एका ओळीची, मध्ये कोरी जागा. पहिल्या वाचनात या कोऱ्या जागांकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं म्हणजे निम्मी गोष्ट तिथेच घडून जाते.

फसवणारा निवेदक रहस्यकथेला नवा नाही. अगाथा ख्रिस्तींनी १९२६ मध्ये ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये निवेदकाकडून मोक्याची काही मिनिटं गाळून घेतली आणि अर्धं वाचकविश्व चिडलं. त्याआधी १९२२ मध्ये जपानच्या अकुतागावांनी एका खुनाच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या साक्षी शेजारी शेजारी ठेवल्या. कुरोसावांचा ‘राशोमोन’ हा चित्रपट त्यातूनच उभा राहिला. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. तो काहीतरी लपवतो आहे, म्हणजे ते कुठेतरी आहे, आणि म्हणूनच हुशार वाचकाला ते शोधून काढता येतं. ख्रिस्तींचं पुस्तक पुन्हा उघडलं की गाळलेल्या मिनिटांचा माग सापडतो.

किम ब्यंग-सू हा म्हातारा काही लपवत नाही. बापाचा खून आपण सोळाव्या वर्षी केला, हेही तो सरळ सांगतो. घरातली मुलगी उन-ही आपल्या शेवटच्या बळीची लेक, तिला आपण मुलीसारखं वाढवलं, हेही सांगतो. इतका उघडा माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाचकाला वाटतं आणि तो त्याच्या बाजूने वाचू लागतो. लेखकाची सगळ्यात मोठी करामत हीच. ज्याने गुन्हा कबूल केला तो बाकीचंही खरंच सांगत असणार, असं आपण फार चटकन गृहीत धरतो.

आसपासच्या भागात बायकांचे खून पडू लागतात. आपणच तर केले नाहीत ना, अशी शंका आधी म्हाताऱ्यालाच येते. मग एके दिवशी त्याची गाडी समोरच्या जीपला धडकते. जीपच्या मागच्या भागातून रक्त ठिबकताना त्याला दिसतं. चालक पार्क जू-थे म्हणतो, हरीण मारलंय. म्हाताऱ्याला मात्र नजरेला नजर भिडताच खात्री पटते की हा आपल्याच जातीचा. पुढे हाच पार्क उन-हीचा होणारा नवरा म्हणून घरात येतो. आता मुलीला वाचवायचं तर एकच मार्ग उरतो: त्याला मारायचं. शेवटचा एक खून, पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी.

इथून पुढचा ताण या प्रकारच्या कथांत क्वचितच सापडतो. मारेकरी पकडला जाईल का, हा प्रश्नच उरत नाही. ठरवलेलं त्याच्या लक्षात राहील का, हा खरा प्रश्न होतो. म्हातारा याला भविष्याची आठवण म्हणतो. उद्या काय करायचं हे लक्षात ठेवणं हीसुद्धा स्मृतीच, आणि त्याची तीही चालली आहे. तो गळ्यात रेकॉर्डर अडकवतो, वहीत लिहितो, पण लिहिलेलं वाचताना ते कधी आणि का लिहिलं हे त्याला आठवत नाही. ज्याचा जीव घ्यायचा त्याला ओळखायलाही टिपणांचा आधार घ्यावा लागतो. घरात एक कुत्रा येत-जात असतो. तो आपला की शेजारच्यांचा? आज एक उत्तर मिळतं, उद्या दुसरं. पहिल्या वाचनात ही म्हातारपणाची गंमत वाटते. पुस्तक मिटल्यावर सगळ्यात जास्त सतावतो तो हाच कुत्रा.

वैद्यकीय बाजू किम यांनी नीट सांभाळली आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला लवकर इजा पोहोचते, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं आणि सकाळचं जेवण आठवत नाही. शिवाय मधल्या रिकाम्या जागा मेंदू स्वतःच्या पदरच्या मजकुराने भरून काढतो. त्यात फसवण्याचा हेतू नसतो. सांगणाऱ्याला ते घडलेलंच वाटत असतं. ज्या घरात असा आजार आहे तिथल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या पुस्तकातली हिंसा आजारातून आलेली नाही, ती आजाराच्या कितीतरी आधीची आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घरच्यांच्या धीराची गरज असते. रहस्यकथा वाचून त्याची भीती कुणी बाळगू नये. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने मोहन आगाशे यांच्या संस्कृत पंडितातून या आजाराचं जे आर्त रूप दाखवलं, ते या पुस्तकाशेजारी ठेवून पाहावं. तिथे विसरणारा माणूस बाहेरून, त्याला शोधणाऱ्या लेकीच्या डोळ्यांनी दिसतो. इथे वाचक त्याच्या डोक्यात कोंडलेला असतो आणि बाहेरून पाहायला खिडकीच नसते.

किम यांच्यासाठी हा विषय दूरचा नसावा. लहानपणी कोळशाच्या विषारी वायूची बाधा होऊन त्यांच्या दहा वर्षांच्या आतल्या आठवणी पुसल्या गेल्या, असं त्यांच्या परिचयात नोंदलेलं आहे. त्या काळी कोरियन घरांत जमीन उबदार ठेवण्यासाठी कोळशाच्या वड्या जाळत, आणि त्या धुराने माणसं दगावणं नेहमीचं होतं.

कादंबरीच्या मागे एका देशाची स्मृतीही उभी आहे. सोलच्या दक्षिणेला ह्वासंग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. यावरच बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा चित्रपट २००३ मध्ये आला. त्या वेळच्या कायद्यानुसार खुनाचा खटला पंधरा वर्षांत भरला नाही तर पुढे भरताच येत नसे. ह्वासंगमधल्या शेवटच्या खुनाची ती मुदत २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून खरा गुन्हेगार समोर आला. दुसऱ्या एका खुनासाठी तो आधीपासूनच तुरुंगात होता. त्याने कबुली दिली, पण ह्वासंगसाठी त्याच्यावर खटला चालवणं शक्य नव्हतं. याच मालिकेतल्या एका खुनासाठी पोलिसांनी मारझोड करून एका निरपराध तरुणाकडून कबुली घेतली होती. त्याने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तो निर्दोष ठरला.

किम ब्यंग-सूचे गुन्हेही असेच मुदतबाह्य झालेले आहेत. कायद्याने त्याला विसरून टाकलं आहे आणि आता तो स्वतःलाही विसरतो आहे. दक्षिण कोरियाने खुनासाठीची ही मुदत २०१५ मध्ये रद्द केली, म्हणजे पुस्तक आल्यानंतर दोन वर्षांनी. हा तपशील माहीत असला की म्हाताऱ्याच्या निवांत सुराची चीड येते, आणि ती यायलाच हवी. तो कविता शिकायला जातो तेव्हा त्याच्या ओळींतल्या प्रतिमांचं गुरुजींना कौतुक वाटतं. त्या प्रतिमा नव्हेतच, त्याने प्रत्यक्ष केलेलं कामच आहे ते. वाचक या प्रसंगात हसतो आणि आपण कशाला हसलो हे उमगल्यावर अस्वस्थ होतो.

२०१७ मध्ये वन शिन-यन यांनी या कादंबरीवर ‘मेमॉयर ऑफ अ मर्डरर’ हा चित्रपट केला. सोल क्यंग-गू यांनी म्हातारा जीव ओतून उभा केला आहे, डोळ्याची पापणी फडफडते तेवढ्यानेही धडकी भरते. पण कॅमेऱ्याची एक अडचण आहे. पडद्यावर जे दिसतं त्यावर प्रेक्षक विश्वास ठेवतो. त्यामुळे चित्रपटाला खराखुरा प्रतिस्पर्धी, पाठलाग, झटापट असं सगळं लागलं. त्याच वर्षी वेगळ्या शेवटाची दुसरी आवृत्तीही प्रदर्शित झाली. आधी चित्रपट पाहून मग पुस्तक वाचणाऱ्यांचं नुकसान होतं, कारण पुस्तकाचं बळ काहीही डोळ्यांसमोर नसण्यात आहे.

शेवट इथे सांगितलेला नाही, तो सांगणं वाचकावर अन्याय ठरेल. एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. या पुस्तकातल्या बायका, मेलेल्या आणि जिवंत, म्हाताऱ्याच्या नजरेपलीकडे कधी पोहोचत नाहीत. निवेदनाची रीतच तशी आहे हे खरं, तरी उन-हीच्या तोंडची आणखी दोन-चार वाक्यं हवी होती. शेवटाचा घाव त्याने अधिक खोल गेला असता.

हे पुस्तक दोनदा वाचावं, आणि दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घ्यावी. म्हाताऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी दुजोरा दिलेल्या गोष्टींखालीच रेघ ओढावी. पहिल्या पन्नास पानांत फारच थोड्या रेघा पडतात.