नावाचे मोल



परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांचा मुलगा गेल्या महिन्यात घरी आला. दुकानाचे संकेतस्थळ काढावयाचे होते आणि त्यासाठी एक तयार नाव, म्हणजे डोमेन, २ लाख रुपयांना मिळत होते. "काका, घेऊ का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. बँकेत तारण पाहताना आम्ही जो क्रम पाळत असू, तोच मी त्याच्यापुढे ठेवला : आधी हक्क, मग उपयोग आणि शेवटी किंमत.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्यासारखे असते. 'डॉट कॉम' नावाची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. नूतनीकरण राहून गेले, तर नाव अखेर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. म्हणून नोंदणी पेढीच्या नावे असावी, संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावे नव्हे. तसेच ते नाव कोणाच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते नाही ना, हेही पाहावे. ट्रेड मार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो. 'सिफी' या नावात एक 'एफ' वाढवून दुसऱ्या कंपनीने डोमेन घेतले, तेव्हा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. डोमेनलाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळते, हे त्यातून स्पष्ट झाले.

उपयोगाची कसोटी सोपी आहे. नाव दूरध्वनीवरून एकदाच सांगावे आणि ऐकणाऱ्यास रोमन लिपीत लिहावयास लावावे. आपल्याकडे 'लक्ष्मी' कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'के-एस-एच' घालून. 'साडी'चीही दोन-तीन रूपे आढळतात. जे नाव ऐकून अचूक लिहिता येते, ते चांगले. मध्ये आडव्या रेघा व आकडे असले, तर चूक होण्याचा संभव वाढतो.

किमतीबाबत विक्रेत्याच्या अपेक्षेवर जाऊ नये. जमिनीचा भाव आपण दलालाच्या बोलण्यावरून नव्हे, तर झालेल्या खरेदीखतांवरून ठरवितो, येथेही तसेच. 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला विकले गेले, हे खरे. पण तो जगभर चालणारा एक छोटा इंग्रजी शब्द आहे. त्यावरून आपल्या गावच्या नावाचा भाव काढता येत नाही.

इतके बोलून झाल्यावर मी त्या नावाविषयी विचारले. शेजारच्या शहरातील एका जुन्या पेढीच्या नावापेक्षा त्यात केवळ एक अक्षर वेगळे होते. "त्यांची चुकलेली गिऱ्हाइके आपल्याकडे येतील, असे विकणारा म्हणतो," तो संकोचून म्हणाला.

मी त्यास तत्त्वार्थसूत्राची आठवण दिली. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. अस्सल म्हणून नक्कल पुढे करणे, असा त्याचा आशय. चुकून आलेले गिऱ्हाईक हे दुसऱ्याच्या पतीवर आलेले गिऱ्हाईक असते. दुकानाच्या पाटीवर जे आपण करणार नाही, ते पडद्यावर तरी का करावे?

त्याने तो व्यवहार सोडला. वडिलांच्या पेढीचेच नाव गावाच्या नावासह मोकळे होते. दोन्ही प्रचलित स्पेलिंगांनी ते त्याने पेढीच्या नावे नोंदविले. खर्च काही हजारांच्या आतच झाला. नूतनीकरणाची तारीख मात्र मी त्याला विम्याच्या हप्त्यांच्या वहीत लिहावयास लावली.